कोंत्रेरासच्या वाटेनं : लॉस एंजेलिस, मेक्सिको सिटी, ग्वादालाहारा

टेनिसच्या जुन्या इतिहासात पांचो म्हटलं की गोन्झालेस आठवतो, फार तर सेगुरा. फ्रान्सिस्को कोंत्रेरास हा तिसरा पांचो त्या गर्दीत हरवून जातो. त्याच्या नावावर एकेरीचं मोठं विजेतेपद नाही. पण १९६२ साली मेक्सिकोचा संघ देशादेशांच्या संघांत होणाऱ्या डेव्हिस कपच्या अंतिम लढतीपर्यंत गेला, तेव्हा कप्तान तो होता. त्याआधी आणि त्यानंतरही मेक्सिको तिथवर कधी पोहोचलेला नाही. खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आकाराला आली, कप्तान म्हणून मेक्सिको सिटीत. त्याच क्रमानं ही वाट धरली, आणि शेवटी ग्वादालाहारा जोडलं. कारण संघातला अंतोनियो पालाफोक्स तिथला.

शुक्रवार, लॉस एंजेलिस

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात जायला मेट्रोची ई लाइन सोयीची. एक्स्पो पार्क स्थानकावर उतरलं की समोरच फाटक. आज दिसणारं टेनिस स्टेडियम कोंत्रेरासच्या वेळचं नाही, त्यामुळे तिथे फार वेळ घालवायचं कारण नाही. खरी जागा शहराच्या मध्यात, मेलरोजजवळ क्लिंटन स्ट्रीटवर : लॉस एंजेलिस टेनिस क्लब. १९२० सालचा हा क्लब खाजगी आहे, आत जायला सभासदाची ओळख लागते. रस्त्यावरून कुंपणाच्या वेली आणि चेंडूचा टप्प-टप्प आवाज, एवढंच पदरात पडतं.

प्रशिक्षक जॉर्ज टोली यांच्या हाताखाली इथल्या सिमेंटच्या वेगवान कोर्टांवर लॅटिन अमेरिकेतली पोरं तयार झाली. कोंत्रेरासनं १९५५ मध्ये हुआकीन रेयेसबरोबर आणि १९५६ मध्ये अलेक्स ओल्मेदोबरोबर अमेरिकी विद्यापीठांचं दुहेरीचं अजिंक्यपद मिळवलं. ओल्मेदो पेरूचा, अरेकिपाचा. तेही शहर डोंगरावरचं, २,३०० मीटरच्या आसपास. पुढे १९५८ मध्ये हाच ओल्मेदो अमेरिकेकडून डेव्हिस कप खेळला आणि ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाला हरवून कप घेऊन आला. तेव्हा अमेरिकेचा कप्तान होता पेरी जोन्स, म्हणजे याच क्लबचा सर्वेसर्वा. दुहेरीतला जोडीदार परक्या देशाकडून कप जिंकतो आणि चार वर्षांनी आपण स्वतःच्या देशाचा संघ घेऊन त्याच ब्रिस्बेनच्या कोर्टावर उतरतो, हा योग कोंत्रेरासच्या वाट्याला आला.

दुहेरी खेळणारा चांगला कप्तान होतो असं टेनिसमध्ये नेहमी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. एकेरीवाला समोरच्याकडे बघतो, दुहेरीवाल्याला शेजारच्याकडेही बघावं लागतं.

विमानाचं थोडक्यात : लॉस एंजेलिसहून मेक्सिको सिटी साडेतीन-चार तासांवर. भारतीय पारपत्रावर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी नियम बदलतात, निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

शनिवार, मेक्सिको सिटी : आधी फुप्फुसं, मग बाकी सगळं

शहर २,२४० मीटरवर आहे. महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त उंच. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, झोप तुटक लागते, डोकं जड होतं. उपाय साधे : भरपूर पाणी, पहिल्या रात्री दारू नाही, जेवण हलकं. नळाचं पाणी पिऊ नका, मोठा कॅन विकत घ्या. खोलीत स्वयंपाकघर असेल तर डाळ-भाताचा बेत आखताना लक्षात असू द्या, इथे पाणी साडेब्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास दाताखाली कचकचते. कुकर नसेल तर मसुरीवर भागवावं.

हीच उंची टेनिसच्या चेंडूलाही बाधते. हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी, म्हणून चेंडूला अडवणारी हवाच कमी. वर चेंडूच्या आत कोंडलेला दाब तोच राहतो आणि बाहेरचा उतरतो, १०१ किलोपास्कलवरून ७७ वर. त्यामुळे चेंडू फुगल्यासारखा टणक होतो आणि जास्त उसळतो. मुंबईहून नेलेला डबा इथे उघडून खेळायला घेतला तर नेहमीच्या जोरानं मारलेला फटका बेसलाइनच्या बाहेर जाऊन पडतो. टॉपस्पिन म्हणजे पुढे गिरकी दिलेला फटकाही हवा तसा वळत नाही, कारण चेंडूला खाली ओढायलाही हवाच लागते.

म्हणूनच १,२१९ मीटरच्या वर खेळण्यासाठी वेगळा चेंडू ठरवलेला आहे. नेहमीचा चेंडू २५४ सेंटीमीटरवरून टाकला तर १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळायला हवा. उंचीवरचा १२२ ते १३५. दुसरा पर्याय आत दाबच नसलेल्या चेंडूचा. हे चेंडू खेळायच्या उंचीवर निदान साठ दिवस ठेवून मगच वापरायचे, असं नियमातच म्हटलंय. इथे खेळायचा विचार असेल तर चेंडू इथेच घ्या आणि रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा, नेहमीपेक्षा दोन ते चार पौंडांनी घट्ट करून आणा. ढिलं गटिंग इथे गोफणीसारखं वागतं.

रविवार, चापुल्तेपेक

रविवारी सकाळी आठ ते दोन पासेओ दे ला रेफोर्मा हा हमरस्ता मोटारींना बंद असतो. सायकली, स्केट, ढकलगाड्यांतली बाळं, कुत्री, सगळं शहर रस्त्यावर. सायकल भाड्यानं घेऊन चापुल्तेपेकपर्यंत यायला याहून चांगला दिवस नाही. तिथून मारियानो एस्कोबेदो रस्त्यानं पुढे गेलं की कामिनो रेआल हॉटेलची गुलाबी जाळीची भिंत दिसते, ऑलिंपिकच्या वर्षी म्हणजे १९६८ मध्ये उभी राहिलेली. त्याच रस्त्यावर सेंत्रो देपोर्तिवो चापुल्तेपेक हा क्लब आहे. हाही खाजगी. पारपत्राची छायाप्रत, थोडं स्पॅनिश आणि सभासदाचा फोन, एवढं हाताशी असेल तर काम होतं. अचानक दारात उभं राहिलं तर पहारेकरी अदबीनं परत पाठवतो.

आत मुख्य स्टेडियमला कोंत्रेरासच्या १९६२च्या संघातल्या राफाएल ओसुनाचं नाव आहे. बाहेरच्या लाल मातीच्या कोर्टांवर सकाळी सातलाच दुहेरीचे डाव रंगतात, बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. कोर्टाची निगा राखणारा माळीबुवांसारखा एक जण जड जाळं कमरेला दोरीनं बांधून ओढत होता. त्याची पद्धत बघण्यासारखी. बाहेरच्या कडेनं सुरुवात, गोल गोल आत येत कोर्टाच्या मधल्या नेटपाशी शेवट, म्हणजे कडेला गेलेली विटांची भुकटी पुन्हा मधे येते. उलट केलं तर बेसलाइनमागे ढीग आणि मधे टक्कल. मग लांब दांड्याच्या कुंच्यानं फक्त रेघा साफ. पाणी दुपारी नाही, पहाटे आणि संध्याकाळी. हाताच्या मुठीत माती दाबून बघायची. गोळा झाला तर ओल जास्त, भुरभुरली तर कमी. ऑगस्टात त्याला पाणी मारायची वेळ क्वचित येते, कारण दुपारी चारच्या सुमारास आभाळ आपणच ते काम करून जातं. छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि मोकळ्या जागेतलं सगळं जेवणाआधी उरका.

१९६२च्या ऑगस्टात या शहरात अमेरिकेशी गाठ पडली. त्या वेळच्या डेव्हिस कपचा साचा असा : पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी उलटसुलट जोड्यांनी पुन्हा दोन एकेरी. पाच सामने, प्रत्येक पाच सेटपर्यंतचा, टायब्रेक नाही. तेव्हा बाकीच्या स्पर्धांत खेळाडूला कोर्टावर कुणी सल्ला देऊ शकत नसे, इथे मात्र कप्तान खुर्ची टाकून शेजारीच बसायचा आणि बाजू बदलताना बोलू शकायचा. कोंत्रेरासकडे माणसं होती ओसुना आणि पालाफोक्स. समोर चक मॅकिन्ली, जॉन डग्लस, डेनिस राल्स्टन.

कागदावर अमेरिका भारी होती. मॅकिन्ली हा पुढच्याच वर्षी विंबल्डन जिंकणारा गडी. पण तीन दिवसांत मातीवर, या हवेत, त्याला एकट्याला दोनच एकेरी जिंकता येणार होते. राहिलेले तीन आपले, हा हिशेब पहिल्यापासून मांडता येण्याजोगा होता, आणि त्यात कळीचा सामना दुहेरीचा. ओसुना–पालाफोक्स जोडीनं तो पाच सेटमध्ये काढला. तिसऱ्या दिवशी दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि पाचव्या सामन्यात ओसुना विरुद्ध डग्लस. ९-७, ६-३ अशी आघाडी, मग ६-८, ३-६ असे दोन सेट हातचे गेले, आणि पाचवा ६-१. प्रेक्षकांनी ओसुनाला खांद्यावर घेतलं. दोन सेट गमावलेल्या खेळाडूनं पाचवा ६-१ नं घेणं ही या उंचीची खासियत. इथल्या हवेत वाढलेल्याच्या छातीत तेव्हाही दम शिल्लक असतो, खालून आलेल्याचे पाय मात्र तोवर शिसं झालेले असतात.

ओसुना–पालाफोक्स आणि मॅकिन्ली–राल्स्टन या दोन जोड्यांचं वैर या लढतीच्या आधीपासूनचं, आणि नंतरही चाललं. अमेरिकी अजिंक्यपदाच्या दुहेरीत १९६१, ६२ आणि ६३ अशी तीन वर्षं अंतिम सामन्यात समोरासमोर हेच चौघे. मधलं वर्ष मेक्सिकोचं, बाकी दोन अमेरिकेची. १९६३ मध्ये ओसुना–पालाफोक्सनं विंबल्डनची दुहेरी घेतली, आणि त्याच वर्षी ओसुनानं अमेरिकेची एकेरी. अंतिम सामन्यात फ्रँक फ्रोलिंगची तोफखाना सर्व्हिस तो बेसलाइनच्या बऱ्याच मागे उभा राहून परतवत होता. अशी युक्ती सुचायला चापुल्तेपेकसारख्या चेंडू उडणाऱ्या मैदानावर बालपण जावं लागतं, असं आपलं माझं मत.

सोमवार, खाण्याचा दिवस

मानववंश संग्रहालय आणि चापुल्तेपेकचा किल्ला दोन्ही सोमवारी बंद. बाजार आणि खाऊगल्ल्या उघड्या.

सकाळी कोपऱ्यावर वाफाळत्या पिंपाशेजारी तामाल विकणारी बाई भेटते. पावात अख्खा तामाल घालून देतात, बरोबर मक्याच्या पिठाचं गरम आतोले. एक खाल्लं की दुपारपर्यंत सुटका नाही. शाकाहाऱ्यांनी एक खूणगाठ बांधावी : तामाल आणि घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी सर्रास असते. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको एवढंच समजतात, ‘सिन मान्तेका’ हेही सांगावं लागतं. आणि या शहरात केसादिया मागवलं की आत चीज असेलच असं नाही, ‘कोन केसो’ म्हणून वेगळं मागा. भोपळ्याच्या फुलांचं, निवडुंगाच्या कोवळ्या पानांचं, आणि मक्याच्या कणसावर धरणाऱ्या काळ्या काणीचं, असे प्रकार मिळतात. आपल्याकडे काणी धरली की शेतकरी कपाळावर हात मारतो, इथे तिला कणसापेक्षा जास्त भाव.

तोर्तियाच्या गिरणीत जरूर डोकवा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात. चुना मक्याच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. सकाळी टरफलं धुऊन काढायची आणि ओलाच मका दळायचा. चुन्याशिवाय दळलेल्या पिठाचा गोळा चिकटून राहत नाही, थापताना कडा फाटतात. शिवाय चुन्यामुळे मक्यातलं नायसिन अंगी लागतं. गिरणीवाल्या बाईंनी ‘तुमच्याकडे कसलं पीठ?’ म्हणून चौकशी केली आणि ज्वारीचं पीठ नुसत्या गरम पाण्यात मळतात यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.

प्यायला हामायका मागा, लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत.

मंगळवार, गटिंगचं दुकान आणि मद्रासची गोष्ट

रॅकेट विणून देणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात भिंतीवर जुन्या लाकडी रॅकेटी टांगलेल्या होत्या, लाकडी चौकटीत आवळलेल्या. चार कोपऱ्यांना चार स्क्रू आणि पाकळीच्या चाव्या. खेळून झालं की रॅकेट त्या चौकटीत घालायची आणि चारही चाव्या सारख्या आवळायच्या. एक जरी ढिली राहिली तर दमट हवेत चौकट पिळवटते आणि रॅकेटचं तोंड वाकडं होतं. तेव्हाचं गटिंग गुरांच्या आतड्याचं. कोरड्या मेक्सिको सिटीत ते तडतडीत राहतं, दमट हवेत पाणी पिऊन फुगतं, ढिलं पडतं, मग त्याचे पापुद्रे निघतात.

हे सगळं १९६२च्या शेवटच्या प्रवासाला लागू होतं. स्वीडनलाही हरवल्यावर कोंत्रेरासचा संघ आंतरविभागीय अंतिम लढतीसाठी भारताविरुद्ध मद्रासला आला. रामनाथन कृष्णन, जयदीप मुखर्जी, प्रेमजित लाल यांचा तो काळ. कृष्णन १९६० आणि ६१ असा लागोपाठ दोनदा विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला. समुद्रकाठ, दमट हवा, आणि माती सोडून हिरवळ. मेक्सिको आणि मद्रास यांच्या घड्याळांत साडेअकरा तासांचं अंतर, म्हणजे घरची मध्यरात्र ती इथली भर दुपार. उंचीवरून खाली उतरणाऱ्या खेळाडूला श्वासाचा फायदा होतो, पण फटक्याचं माप चुकतं. चापुल्तेपेकला बेसलाइनवर पडणारा चेंडू इथे बराच अलीकडे पडतो, आणि हिरवळीवर तो खालीच राहतो. त्यावर सवय, ढिलं गटिंग आणि लांब फॉलो-थ्रू एवढाच इलाज, आणि त्याला दिवस लागतात. लॉस एंजेलिसमधली वर्षं इथे कामी आली असणार. ओसुनाही त्याच विद्यापीठात टोलींकडेच शिकत होता, पालाफोक्स अमेरिका आणि इंग्लंडच्या हिरवळीवर मुरलेला. निकाल ५-०, मेक्सिको.

तिथून ब्रिस्बेन, मिल्टनची कोर्टं, २६ ते २८ डिसेंबर. तेव्हाच्या पद्धतीनं गतविजेता वर्षभर घरी बसायचा आणि सगळ्यांना हरवून आलेल्याशी एकदाच, आपल्याच मैदानावर खेळायचा. ही पद्धत १९७२ मध्ये बंद झाली, बरंच झालं. समोर हॅरी हॉपमनचा संघ : त्याच वर्षी चारही मोठी विजेतेपदं जिंकलेला रॉड लेव्हर, नील फ्रेझर, रॉय इमर्सन. ०-५. मिल्टनची ती कोर्टं आता पाडली आहेत, त्या जागी बाग आणि इमर्सनच्या नावाचं टेनिस केंद्र आहे. ब्रिस्बेनला कुणाचं जाणं झालं तर तिथे तासभर भाड्यानं कोर्ट मिळू शकतं.

कारागिराला मद्रास कुठे ते माहीत नव्हतं, ५-० मात्र पाठ होतं.

बुधवार ते शुक्रवार, ग्वादालाहारा

बसनं सात तास, साधारण साडेपाचशे किलोमीटर. पहिल्या वर्गाच्या बसमध्ये पाय पसरायला जागा असते, स्वेटर मात्र हाताशी ठेवा, वातानुकूलन थंडीनं कुडकुडवतं. विमानानं सव्वा तास. ग्वादालाहारा १,५६० मीटरच्या आसपास, त्यामुळे श्वास मोकळा होतो, पण चेंडू उंचीवरचेच लागतात. सापोपान भागातल्या २०११च्या पॅन-अमेरिकन खेळांच्या टेनिस केंद्रावर महिलांच्या मोठ्या स्पर्धा होतात. तारखा जुळत असतील तर दिवसाचं तिकीट काढून बघा, चेंडू हवेत कसा तरंगतो ते दूरदर्शनवर कळत नाही.

१९६८च्या ऑलिंपिकमध्ये टेनिस प्रदर्शनीय खेळ म्हणून होतं, आणि ते राजधानीत नव्हे, इथे झालं. दुहेरी ओसुना आणि व्हिसेन्ते सारासुआ यांनी जिंकली.

ओसुनाचा शेवट मात्र फार लवकर झाला. मे १९६९ मध्ये डेव्हिस कपात मेक्सिकोनं मेक्सिको सिटीत ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं, तिन्ही सामने त्यानं जिंकले, निर्णायक बिल बाउरीविरुद्ध. १९४६ पासून दरवर्षी अंतिम लढत खेळणारा ऑस्ट्रेलिया त्या वर्षी वाटेतच बाद झाला. ४ जून १९६९ रोजी मोंतेरेला निघालेलं विमान डोंगरावर आदळून ७९ माणसं गेली, त्यात तोही होता. वय तीस.

पालाफोक्सची कहाणी वेगळ्या दिशेला गेली. न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट वॉशिंग्टनच्या अकादमीत तो प्रशिक्षक झाला आणि तिथे त्याच्या हाताखाली जॉन मॅकेन्रो घडला. त्याच अकादमीत मॅकेन्रोला शिकवणारा दुसरा माणूस म्हणजे हॅरी हॉपमन, ब्रिस्बेनला समोरच्या खुर्चीत बसलेला कप्तान.

खाण्यात इथे तोर्ता आओगादा चुकवू नका. बिरोते नावाचा जाड सालीचा आंबूस पाव, आत डुकराचं मांस, आणि वरून टोमॅटोच्या रश्शात अख्खा बुडवलेला. साधा पाव असता तर दोन मिनिटांत लगदा झाला असता, बिरोते तग धरतो. झणझणीत रस्सा वेगळा वाढतात. ‘मेदिया आओगादा’ म्हटलं तर तिखट बेतानं घालतात. शाकाहाऱ्यांसाठी काही ठिकाणी घेवड्याची किंवा पनीरसारख्या चीजची करून देतात. दुपारी गाड्यावर तेहुइनो मिळतं, आंबवलेल्या मक्याचं पेय, वर लिंबू, मीठ आणि लिंबाच्या बर्फाचा गोळा. रोख सुटे पेसो ठेवा, गाड्यांवर कार्ड चालत नाही.

परतीच्या सामानात चेंडूंचा डबा आणायचा मोह झाला तर आवरा. उंचीवरचा चेंडू पुण्यात मेल्यासारखा पडतो, मुंबईत तर विचारूच नका.